काच, चांदी आणि कातडं: व्हिक्टोरियन पॉकेट फ्लास्क पारखायचा आणि सांभाळायचा कसा

'व्हिक्टोरियन' म्हणून विकले जाणारे कातडी पॉकेट फ्लास्क, म्हणजे खिशात दारू न्यायच्या चपट्या बाटल्या, पुष्कळदा राणी व्हिक्टोरिया गेल्यावर वीस-तीस वर्षांनी बनलेले असतात. विकणारा दर वेळी फसवतच असतो असं नाही. त्यालाही ठाऊक नसतं. राणीची कारकीर्द १८३७ ते जानेवारी १९०१, पण फ्लास्कचा हा घाट त्यानंतरही दोन-तीन दशकं जवळजवळ तसाच चालू राहिला. म्हणून नुसत्या रूपावर जाऊ नका. काळ लिहिलेला असतो धातूवर, आणि तो वाचायला शिकायला एक दुपार पुरते.

दुसरा मुद्दा सफाईचा. या एवढ्याशा वस्तूत काच, चांदी, कातडं, बूच आणि प्लास्टर ऑफ पॅरिस एकत्र नांदतात, आणि एकाला जे मानवतं ते दुसऱ्याच्या मुळावर येतं. व्हिनेगर काचेला चालतं, कातड्याला नाही. थोडं पुसणं भरीव चांदी सोसते, मुलामा सोसत नाही. पाणी तर प्लास्टरचं उघड वैरी. नवशिक्यांच्या हातून होणारं बहुतेक नुकसान 'आणला आहे तर एकदा स्वच्छ धुऊन घेऊ' या उत्साहातून होतं. धुऊ नका. आधी पुढचं वाचा.

कुठला भाग काय करतो

आत चपटी काचेची बाटली. तिच्या वरच्या अर्ध्या भागावर कातडं घट्ट बसवून चिकटवलेलं, आणि कडेला बारीक टाके. खालच्या अर्ध्यावर धातूचा पेला टोपीसारखा चढवलेला असतो. सरळ खाली ओढला की निघतो, आणि प्यायचं त्यातूनच. बाटलीच्या गळ्यावर प्लास्टरने बसवलेली धातूची पट्टी, तिला बिजागरीने अडकवलेलं झाकण, झाकणात बुचाची चकती. चांगल्या फ्लास्कचं झाकण आटे फिरवून लागत नाही. ते दाबून पाव वळसा दिला की आतल्या खाचांत अडकतं, आणि उलटा पाव वळसा दिला की सुटून बिजागरीवर मागे पडतं. गारठलेल्या बोटांनी, हातमोजे घालून, घोड्यावर बसल्या बसल्या उघडता यावं म्हणून ही सोय. झाकण हरवण्याचाही प्रश्न मिटला.

काच का, तर व्हिस्की किंवा ब्रँडीला धातूची चव लागत नाही. कातडं का, तर पकड मिळते आणि काचेला आधार होतो. कातड्यात कधी कधी एक उभी किंवा लंबगोल खिडकी कापलेली असते. ती आत किती उरली आहे ते पाहण्यासाठी. पेल्याच्या आत पिवळी झाक दिसली तर घासून काढायला जाऊ नका, तो सोन्याचा पातळ मुलामा आहे. दारूतल्या किंवा फळांच्या आंबटपणाने चांदी डागळू नये म्हणून तो देत.

मापं पाइंटमध्ये. ब्रिटिश इंपीरियल पाइंट १८२४ च्या कायद्याने ठरला, तो ५६८ मिलिलिटरचा. खिशातला फ्लास्क बहुधा पाव पाइंट म्हणजे १४२ मिली किंवा अर्धा पाइंट म्हणजे २८४ मिली. आपल्याकडच्या १८० मिलीच्या 'चपटी'चा हा इंग्लंडमधला श्रीमंत चुलतभाऊ म्हणा. लांबुडकी बाटली आणि तिला खोगिराला अडकवायची वेगळी कातडी म्यान, अशी जोडी दिसली तर तो शिकारीचा खोगीर-फ्लास्क, खिशातला नव्हे. त्याची पारख थोडी वेगळी आणि म्यानच हरवलेली असण्याची शक्यता मोठी.

धातू वाचायचा कसा

दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग घ्या, पेला काढा, आणि दिवसाच्या उजेडात त्याची बाहेरची कड व तळ पाहा. मग झाकण आणि गळपट्टी. काही सापडेल ते काळजीपूर्वक फोटो काढून ठेवा, आणि हे सफाईच्या आधी. घासल्यावर बारीक छाप पुसट होतात.

इंग्लंडमध्ये बनलेली चांदी असेल तर सिंह हवाच: एक पुढचा पंजा उचलून चालणारा. तो ९२.५ टक्के चांदीची हमी देतो. एडिंबरोच्या मालावर त्या जागी काटेरी झुडपाचं फूल असतं. सिंहाच्या शेजारी गावाची खूण: लंडनचं बिबट्याचं डोकं, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफिल्डचा मुकुट, चेस्टरची तलवार आणि तीन पेंढ्या. शेफिल्डचा मुकुट पाहून 'राजघराण्यातला' म्हणून भाव वाढवणारे भेटतात. तो फक्त गावाचा शिक्का आहे आणि १९७५ पर्यंत चालू होता.

नवशिक्याला सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे राज्यकर्त्याचं डोकं. चांदीवरचा कर भरल्याची ती पावती. हा कर १८९० मध्ये उठला आणि डोकंही गेलं. पेल्यावर डावीकडे पाहणाऱ्या राणीचं डोकं असेल तर पेला व्हिक्टोरियन, आणि १८९० किंवा त्याआधीचा. पुढे वादच नाही. डोकं नसेल तर वस्तू १८९० नंतरची असण्याची शक्यता मोठी. तिथे वर्षाक्षराकडे, म्हणजे छाप कुठल्या वर्षीचा ते सांगणाऱ्या अक्षराकडे, वळा.

वर्षाक्षर दर वर्षी बदलत असे, पण वीस-पंचवीस वर्षांनी तीच अक्षरं फिरून येत. म्हणून अक्षर एकटं वाचू नका. गावाची खूण, अक्षराचं वळण आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार तिन्ही जुळले पाहिजेत. बर्मिंगहॅमचा लहान 'ए' १८७५ लाही होता आणि १९०० लाही. पहिला गॉथिक वळणाचा, दुसरा साधा. पहिल्यासोबत राणीचं डोकं असतं, दुसऱ्यासोबत नसतं. लंडनची मालिका १८७६ आणि १८९६ ला नव्याने सुरू झाली, शेफिल्डची १८६८ आणि १८९३ ला. अक्षर वर्षाच्या मध्येच बदलत असल्याने १९०० चं अक्षर १९०१ च्या पहिल्या काही महिन्यांतल्या मालावरही असतं. अशा सीमारेषेवरच्या तुकड्याला 'व्हिक्टोरियाच्या अखेरचा' म्हणावं आणि पुढे जावं.

आता मुलाम्याचा माल. विजेने चांदीचा मुलामा देण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतलं, म्हणजे असा फ्लास्क त्याआधीचा असूच शकत नाही. 'ई.पी.एन.एस.' ही अक्षरं म्हणजे निकेल सिल्व्हरवर मुलामा. नावात सिल्व्हर असलं तरी त्या मिश्रधातूत चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. 'ई.पी.बी.एम.' म्हणजे ब्रिटानिया मेटलवर मुलामा, आणि ब्रिटानिया मेटल म्हणजे मुख्यतः कथील. झिजलेल्या जागी पहिला पिवळसर राखाडी दिसतो, दुसरा निळसर राखाडी. दुसरा मऊ असतो, त्यामुळे त्याचे पोचे लवकर पडतात आणि ते काढणंही जिकिरीचं. साध्या झाळकामाच्या उष्णतेने तो वितळतो. मुलाम्यावाले कारखाने अक्षरं वेगवेगळ्या छोट्या ढालींत अशी ठोकत की दुरून ती चांदीच्या छापांसारखी वाटावीत. सिंह दिसत नाही तोवर त्यांना भुलू नका.

शेफिल्डच्या कॉर्निश प्लेस कारखान्यातल्या जेम्स डिक्सन अँड सन्सचे फ्लास्क बाजारात पुष्कळ भेटतात. ही मंडळी बंदुकीची दारू ठेवायच्या फ्लास्कसाठीही प्रसिद्ध होती, त्यामुळे झटकन उघडणारं, घट्ट बसणारं झाकण हा त्यांचा हातखंडा. मुलाम्याच्या मालावर त्यांची तुतारीची खूण १८८० च्या आसपासपासून दिसते.

आणखी काही झटपट कसोट्या. तिरक्या चौकोनातली नोंदणीची खूण १८४२ ते १८८३ ची. त्याऐवजी 'आर.डी.' आणि पुढे आकडा असेल तर तो डिझाइन-नोंदणीचा क्रमांक. ही मोजणी १८८४ ला एकपासून सुरू झाली आणि १९०१ च्या सुरुवातीला साधारण ३,६८,००० वर पोचली होती. आकडा त्याहून मोठा असेल तर विषय संपला. आकडा लहान असेल तरी त्यावरून फक्त डिझाइन कधी नोंदलं एवढंच कळतं. वस्तू नंतरही बनलेली असू शकते. 'इंग्लंड' हा शब्द ठोकलेला असेल तर बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या सुमारास अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर विसावं शतक धरा. आणि आत काचेऐवजी स्टेनलेस स्टील दिसलं तर फ्लास्क खाली ठेवा: ते पोलाद शेफिल्डमध्येच सापडलं, पण १९१३ मध्ये.

सराफाकडच्या कॅरेटोमीटरवर लावून पाहण्याचा मोह होतो. यंत्र ओरखडा काढत नाही हे खरं, पण ते पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं. मुलामा जाड असेल तर यंत्र फसतं आणि चांदी दाखवतं. छाप नसतील तर झिजलेली जागा शोधून तिथे लावायला सांगा. कसोटीच्या दगडावर मात्र घासू देऊ नका.

पेला त्याच बाटलीचा आहे का?

हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक कमी, म्हणून जुळवाजुळव केलेले फ्लास्क खपतात. पेले हरवतात, मग दुसऱ्या फ्लास्कचा चढवला जातो.

पेला काढून काचेचा खालचा भाग तिरक्या उजेडात धरा. वर्षानुवर्षं पेला चढला-उतरला असेल तर काचेवर केसासारख्या बारीक उभ्या रेघा दिसतात, आणि त्या पेल्याच्या कडेच्या उंचीला थांबतात. कातड्याच्या खालच्या कडेला पेला टेकतो तिथे दाबल्याची ओळही असते. रेघा पेल्याहून खूप खाली थांबत असतील, किंवा पेला कातड्यापासून तीन-चार मिलिमीटर आधीच अडत असेल, तर जोडी मूळची नाही. झाकण आणि पेला दोन्हींवरचे छाप ताडून पाहा: एका वर्षाचा फरक चालतो, कारण भाग आधीच बनवून ठेवलेले असत. गावं वेगळी असतील तर शंका घ्या. झाकणावर छाप आणि पेला कोरा, किंवा उलट, असं असेल तर किंमत निम्म्याने पाडून मागायला हरकत नाही.

पेल्यावर किंवा झाकणावर तोंडाची वाफ सोडा. वाफ बसताच घासून काढलेल्या जुन्या अक्षरांचा आकार क्षणभर उमटतो. मूळ मालकाची आद्याक्षरं काढताना धातू पातळ झालेला असतो. तिथे अंगठ्याने हलकं दाबलं तर पत्रा दबतो. अक्षरं शाबूत असतील तर ती दोष मानू नका. उलट वस्तूला कुणीतरी हात लावून 'सुधारलेलं' नाही, याची ती खूण आहे.

काच

अंधाऱ्या खोलीत फ्लास्कच्या तोंडाशी बारीक टॉर्च धरा. कातड्याच्या खाली असलेला तडा बाहेरून दिसत नाही, पण आतून उजेड पडला की चमकणारी रेघ दिसते. खांद्याजवळ नीट पाहा. सगळ्यात जास्त तडे तिथेच जातात. साच्याची शीर थेट ओठावरून गेलेली असेल तर बाटली यंत्रावर बनलेली. बाटल्या पूर्णपणे यंत्राने बनवण्याचं तंत्र १९०३ च्या सुमारास आलं.

आतला पांढुरका ढग दोन प्रकारचा. एक पाण्याच्या क्षारांचा, तो निघतो. दुसरा काचेचाच रोग: ओल आत राहून काचेचा पृष्ठभाग खाल्ला गेलेला असतो, तो घरगुती उपायाने निघत नाही. फरक कळायला सायट्रिक अॅसिड हा एकच मार्ग: १०० मिली कोमट पाण्यात एक सपाट चमचा, आत दोन-तीन तास. ढग निम्मा झाला तर क्षार, पुन्हा करा. जसाच्या तसा राहिला तर आणखी तीव्र काही घालू नका. विक्रेत्याने काच ओली करून दाखवली असेल तर कोरडी झाल्यावर पुन्हा पाहा. ओल्या काचेत रोग लपतो.

कातडं कोणतं, आणि कोणत्या अवस्थेत

डुकराचं कातडं ओळखायला सोपं: केसांची छिद्रं तीन-तीनच्या पुंजक्यांत असतात. बकऱ्याचं खडबडीत दाणेदार, वासराचं गुळगुळीत. मगरीचं असेल तर चौकटी एकसारख्या नसतात, आणि प्रत्येक खवल्यावर भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सापडतो. गाईच्या कातड्यावर ठोकलेल्या नकली नक्षीत तो नसतो आणि तीच चौकट पुन्हा पुन्हा येते. भारतात बसून नवशिक्याने खऱ्या मगरीच्या वाट्याला जाऊ नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि सीमेवर लागणारे साइट्सचे (दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) परवाने, दोन्ही सांभाळणं वस्तूच्या किमतीपेक्षा महागात पडतं.

अवस्थेबाबत एक शब्द लक्षात ठेवा: लाल सड. झाडांच्या सालींनी कमावलेल्या त्या काळच्या कातड्याने कोळशाच्या आणि गॅसच्या धुरातला गंधक शोषला, त्याचं आत गंधकाम्ल झालं, आणि कातड्याचे तंतू आतून कुजले. बोट फिरवलं की विटेच्या रंगाची भुकटी लागते. ही बुरशी नव्हे, धूळही नव्हे. ते कातडंच आहे.

पारख अशी करा. कापूस गुंडाळलेली काडी शुद्ध पाण्यात बुडवून पिळा आणि पेल्याखाली झाकल्या जाणाऱ्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, टेकवा. ओल वरच राहून हळूहळू वाळली तर कातडं ठीक. टेकवताच ती जागा काळी पडून ओल आत ओढली गेली तर सड आहे. अशा कातड्याला पाणी, साबण, क्रीम, तेल काहीही लावायचं नाही. ओलं झालं की ते काळं पडून दगडासारखं कडक होतं आणि आक्रसताना टाके फाडतं.

सड असेल तर उपाय क्लुसेल-जी. ही सेल्युलोजपासून बनवलेली पावडर. संवर्धनाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. १ ग्रॅम पावडर १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून रात्रभर फुगू द्या, सकाळी ढवळा. मऊ ब्रशने आधी भुकटी झटका, मग हा द्रव पातळ हाताने लावा. तासभर वाळू द्या, भुकटी अजून लागत असेल तर दुसरा हात. आधी लपलेल्या जागी करून बघाच, कारण अल्कोहोलने काही रंग सुटतात. यामुळे सड बरी होत नाही. कातडं गळायचं तेवढं थांबतं.

निरोगी कातड्याला काय लावायचं? शक्य तितकं कमी. पूर्वी गुरांच्या पायांच्या हाडांचं तेल, एरंडेल, लॅनोलिन सर्रास चोळत. आता संग्रहालयांतून तो रिवाज गेला. तेल काही वर्षांत काळं पडतं, चिकट होतं, आणि कातड्याखालच्या खळीत उतरून कड सोडवतं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण तांदळाच्या दाण्याएवढं सुती फडक्यावर घ्या, पूर्ण फ्लास्कला तेवढंच पुरतं. वर्षातून एकदा. खोबरेल तेल आणि बुटाचं पॉलिश मात्र लांब ठेवा.

कड सुटली असेल तर फेव्हिकॉल आणि झटपट चिकटणारे गोंद नकोत, पुढच्या दुरुस्तीला ते उखडता येत नाहीत. गव्हाच्या सत्त्वाची घट्ट खळ काडीने आत सारून, मेणकागद ठेवून, सुती पट्टीने दिवसभर बांधून ठेवायचं. फक्त निरोगी कातड्यावर; सड असेल तर आधी क्लुसेल, मग आठवडाभराने बघू.

अडकलेला पेला

हे सारखं होतं. लिकरमधली साखर किंवा जुनी सांडलेली दारू काच आणि पेल्याच्या मधे वाळून गोंदासारखी धरते. कधी पेल्याला पोचा आलेला असतो. अशा वेळी कातडं पकडून पिरगाळू नका. कातडं सुटतं, पेला जागच्या जागी राहतो.

फ्लास्क उभा धरून वाटीत कोमट पाणी घ्या, हाताला सहज सोसवेल इतकंच, ४० अंशांच्या आत. फक्त पेल्याचा खालचा अर्धा भाग बुडेल इतकं. दहा मिनिटं. धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि साखरही विरघळते. मग काढून पुसा, रबरी हातमोजा घालून पेला धरा, दुसऱ्या हाताने गळपट्टीजवळ आधार देऊन सरळ रेषेत ओढा, हलकं डावी-उजवीकडे डोलवत. न निघाल्यास तीन-चार वेळा करा, एकाच वेळी जोर लावू नका. उकळतं पाणी आणि हेअर ड्रायर दोन्ही नकोत: काच तडकते, कातडं आक्रसतं.

बुचाची चकती बदलणं

शंभर वर्षांचं बूच दगड झालेलं असतं आणि गळती तिथूनच होते. हे काम घरी जमतं.

१. झाकण मागे पाडून आतली चकती पाहा. जुनी चकती बांबूच्या काडीने कडेकडेने सैल करा. स्क्रू ड्रायव्हर वापरला की झाकणाला आतून पोचा येतो आणि तो बाहेर उठून दिसतो.
२. जुन्या चकतीची जाडी आणि व्यास मोजा. चकती चुरली असेल तर झाकणाची आतली खोली मोजा आणि ३ मिलिमीटरपासून सुरुवात करा.
३. नैसर्गिक बुचाच्या पत्र्यातून चामड्याच्या पंचने चकती कापा. दाबून बसवलेल्या भुशाचं बूच स्वस्त मिळतं, पण दारूत त्याचा गोंद सुटू शकतो.
४. चकती दहा मिनिटं उकळून मऊ करा, पुसा, बोटाने दाबून बसवा. गोंद नको, ती घर्षणाने राहते.
५. झाकण लावून पाहा. पाव वळसा पूर्ण व्हायला हवा. अर्ध्यात अडलं तर चकती जाड आहे, बारीक सँडपेपरने उतरवा. जोर लावून फिरवलंत तर खाचांत अडकणारे आतले कान वाकतात, आणि ते सरळ करणारा कारीगर मिळणं कठीण.
६. निम्मं पाणी भरून वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटा धरा, मग तासभर आडवा ठेवा. कागदावर थेंब नसेल तर झालं. गळपट्टीच्या खालून ओल आली तर दोष बुचाचा नाही, पट्टी धरून ठेवणारं प्लास्टर सुटलंय. ते काच आणि चांदी दोन्ही समजणाऱ्या दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.

आतून आणि बाहेरून साफ करणं

आतून: पेला काढून, कातड्याभोवती कोरडा पंचा गुंडाळून, छोट्या नरसाळ्याने कोमट पाणी, त्यात चहाचा अर्धा चमचा सौम्य साबण आणि मूठभर नव्हे, दोन चमचे कच्चे तांदूळ. झाकण न लावता तोंडावर अंगठा ठेवून हलवा. तांदूळ काचेपेक्षा मऊ असतो, ओरखडत नाही. जुन्या पुस्तकांत यासाठी शिशाचे छर्रे सांगितलेले सापडतात, ते विसरा. तीनदा पाण्याने खळबळा, शेवटी दोन चमचे आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून ओता, म्हणजे उरलेलं पाणी उडून जातं. सुती वातीचं एक टोक आत सोडून तिरका उलटा ठेवा. दोन दिवस झाकण लावू नका.

धातू: चांदी पुसायचं तयार फडकं, तेही महिन्यातून नव्हे, वर्षातून एक-दोनदा. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, तांब्या-पितळेची पावडर, टूथपेस्ट यांनी मुलामा निघतो. आणि निघालेला मुलामा परत द्यायचा तर कातडं उतरवावं लागतं. बुडवून चमकवायचे द्रवही नकोत, कारण ते बिजागरीत आणि कातड्याच्या कडेखाली शिरतात. कातड्याजवळची धातूची कड पुसताना मधे पोस्टकार्डाचा तुकडा धरा. खोलगट नक्षीत थोडं काळं राहू द्या. लख्ख पांढरा केलेला जुना फ्लास्क नवाच दिसतो, आणि जाणकार खरेदीदार अशाला कमी पैसे देतात.

वापरायचा असेल तर

काच शिशाची असू शकते, झाळ आणि कथिलातही शिसं असू शकतं. दारू महिनोन्महिने आत राहिली तर ते उतरतं. सकाळी भरायचा, रात्री रिकामा करून खळबळायचा. शोकेसमध्ये भरून ठेवायचा नाही. साध्या व्हिस्की-ब्रँडीशिवाय काही नको: फळांचा रस, दुधाची लिकर, सोडा तिन्ही वर्ज्य. खांद्यापर्यंतच भरा, सुमारे दहावा भाग मोकळा सोडा, नाहीतर खिशातल्या उबेने दारू फुगून बुचातून बाहेर येते आणि कातड्याचा रंग उचलते. आणि महाराष्ट्रात दारू जवळ बाळगायला-प्यायला परवाना लागतो, हे भरलेल्या फ्लास्कलाही लागू आहे. रिकाम्याला कुणी विचारत नाही.

पावसाळा

इंग्लंडमध्ये दीडशे वर्षं टिकलेलं कातडं कोकणात दोन पावसाळ्यांत जाऊ शकतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, आणि खाली खळ असल्याने कसरही येते. बुटाच्या खोक्याएवढ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ३० ते ५० ग्रॅम सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक, आणि लक्ष्य ५० ते ५५ टक्के. ४० च्या खाली जाऊ देऊ नका, कातडं ठिसूळ होतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा.

कातड्यावर पांढरं दिसलं की बुरशीच असं समजू नका. कातड्यातली चरबीही थंडीत वर येऊन पांढरी थिजते. भिंगाखाली बुरशीला धागे दिसतात, चरबीला नाहीत. आणि तळहात दोन मिनिटं टेकवला की चरबी विरघळते. बुरशी असेल तर फ्लास्क आधी डब्यात दोन दिवस कोरडा करा, मग घराबाहेर तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने झटका. ओली असताना पुसली तर ती छिद्रांत सारली जाते. उन्हाळी वाळवणासारखं ऊन दाखवायचं नाही.

पेला चढवून ठेवायचा, पण मधे आम्लरहित पातळ कागदाची एक घडी. झाकण न अडकवता नुसतं टेकवून. वर्तमानपत्र, लोकर आणि रबर बँड डब्यात नकोत. त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

कुठून घ्यायचा, आणि बाहेर न्यायचा असेल तर

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे असे फ्लास्क अधूनमधून येतात. छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांसोबत ते आले, आणि १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने मुंबईत दुकान काढल्यावर इथेच मिळूही लागले. याच बाजारांत 'लंडन १८८५' असं ठळक कोरलेले पितळी फ्लास्कही मांडलेले असतात. खऱ्या छापांची उंची दोन-तीन मिलिमीटर असते. भिंगाशिवाय वाचता येणारं साल हा बहुधा कालपरवाचा माल.

विलायतेतून मागवताना पेला काढून घेतलेले फोटो, छापांचे जवळून फोटो आणि तोंडातून टॉर्च टाकून घेतलेला एक फोटो, एवढं मागा. पाठवणाऱ्याला पेला वेगळा गुंडाळायला सांगा. चढवलेल्या पेल्यावर धक्का बसला तर काच आतून फुटते.

इथला फ्लास्क परदेशातल्या मुलाला भेट द्यायचा बेत असेल तर आधी १९७२ चा पुरावस्तू कायदा पाहा. ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला बंद आहे. ते केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्थाच करू शकते. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो. तिथेही अधिकारी सगळ्यात आधी पेला उलटा करून तळाचे छापच बघेल.